बी.एड.च्या वर्गात जात शिकवली जात नाही

शिक्षक-प्रशिक्षण सुधारायचं म्हटलं की आपल्या देशात दोनच प्रश्न विचारले जातात. अभ्यासक्रम किती वर्षांचा असावा आणि परीक्षा किती अवघड असावी. बी.एड. एक वर्षाचं होतं, ते २०१५ पासून दोन वर्षांचं झालं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बारावीनंतरचं चार वर्षांचं एकात्मिक बी.एड. आणलं. त्याच धोरणाने चार वर्षांची पदवी किंवा एम.ए. झालेल्यांना एक वर्षाच्या बी.एड.ची वाट पुन्हा मोकळी केली. मधल्या काळात टीईटी आली, सीटीईटी आली, महाराष्ट्रात टेट आली, पवित्र पोर्टल आलं. वर्षं वाढली, घटली, परीक्षा वाढल्या.

पण हे कॉलेज कोणाच्या मालकीचं आहे? आत नेमकं काय शिकवतात? सुधारणेची किंमत कोण मोजतं? हे तीन प्रश्न तज्ज्ञांच्या समित्यांमध्ये दबक्या आवाजात निघतात आणि धोरण कागदावर उतरेपर्यंत गळून पडतात. माझं म्हणणं सरळ आहे. या तिन्ही प्रश्नांची उत्तरं जातीशी जाऊन भिडतात, म्हणून ते टाळले जातात. आणि जोवर ते टाळले जातील तोवर बी.एड. चार वर्षांचं करा की चौदा वर्षांचं, आपल्या लेकरांसमोर उभा राहणारा शिक्षक तोच राहणार आहे.

मी कोण, हेही सांगते. वडील मोंढ्यात हमाली करायचे, आई अंगणवाडीत मदतनीस. घरात पहिली बारावी मी, पहिली पदवी माझी, पहिलं बी.एड. माझं. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी दोन वर्षं बी.एड. केलं, मग चार वर्षं विनाअनुदानित शाळांत तुटपुंज्या मानधनावर राबले, टीईटी आणि टेट देऊन आता जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी ते आठवीला शिकवते. पद शिक्षण सेवकाचं, मानधन महिन्याला १६,००० रुपये. हे वाचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची कहाणी हीच असेल, फक्त गावाचं नाव वेगळं. बिहारमध्ये तिला 'नियोजित शिक्षक' म्हणतात, उत्तर प्रदेशात 'शिक्षामित्र' म्हणत.

कॉलेज कोणाचं?

सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली माजी सरन्यायाधीश जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षक-शिक्षणावर आयोग नेमला. निमित्त महाराष्ट्राचं होतं. राज्य सरकारचा विरोध असताना राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या, म्हणजे एनसीटीईच्या, पश्चिम विभागीय समितीने राज्यातल्या २९१ डी.एड. संस्थांना मान्यता दिली आणि प्रकरण कोर्टात गेलं. आयोगाचा अहवाल २०१२ मध्ये आला. नोकरीपूर्व प्रशिक्षण देणाऱ्या संस्थांपैकी जवळपास नव्वद टक्के खासगी आहेत, हे त्याने नोंदवलं. आणि २०२० च्या धोरणपत्रात सरकारनेच या आयोगाचा हवाला देऊन लिहून ठेवलंय की दहा हजारांहून अधिक स्वतंत्र संस्था गांभीर्याने शिक्षक घडवण्याचा प्रयत्नसुद्धा करत नाहीत, पैसे घेऊन पदव्या विकतात.

विचार करा. पदव्यांचा बाजार चालतो हे एखाद्या चळवळीच्या पत्रकात लिहिलेलं नाही, भारत सरकारच्या धोरणात छापलेलं आहे. मग या बाजाराला मान्यतेचे शिक्के कोणी दिले? एनसीटीईचा कायदा १९९३ चा, ती वैधानिक संस्था म्हणून १९९५ पासून काम करते. म्हणजे हा बाजार तिच्या डोळ्यांदेखत, तिच्याच सहीने उभा राहिला. या सह्यांबद्दल कोणाची नोकरी गेली? टीईटी नापास झालेल्याची जाते. मान्यता देणाऱ्याची जात नाही.

माझ्या कॉलेजात पन्नास जागा होत्या. रोज वर्गात सोळा-सतरा जण असायचो. उरलेले कुठे होते? कोणी पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करत होतं, कोणी घरच्या दुकानावर बसत होतं. त्यांनी हजेरीचे वेगळे पैसे भरले होते. हिंदी पट्ट्यात याला 'नॉन-अटेंडिंग बी.एड.' म्हणतात, तिथे तर त्याचा दरही उघड सांगतात. आमच्याकडे नुसतं 'मॅनेज झालं' म्हणायचे. रोज वर्गात बसणारे सोळा-सतरा कोण होते? ज्यांच्याकडे हजेरी विकत घ्यायला पैसे नव्हते ते. शिष्यवृत्तीवर शिकणारे, बहुतेक मुली, बहुतेक एससी, एसटी, भटक्या जातींतल्या. निकाल लागला तेव्हा गुणपत्रिका सगळ्यांच्या सारख्याच होत्या. अंतर्गत गुण तर न आलेल्यांचे कधीकधी जास्त.

तपासणी समिती यायची त्या दिवशी मात्र कॉलेज भरायचं. ग्रंथालयात शेजारच्या कॉलेजची पुस्तकं यायची, प्रयोगशाळेचं कुलूप निघायचं, आणि ज्यांना आम्ही आयुष्यात पाहिलेलं नव्हतं असे 'आमचे' प्राध्यापक रांगेने बसायचे. खरं शिकवणारे दोघेच होते. दोघेही नेट झालेले, दोघेही तासिका तत्त्वावर, दोघांचेही पैसे सहा-सहा महिने थकलेले. शिक्षकांना घडवणाऱ्याची ही अवस्था.

आता एक गोष्ट आपल्याच घरातली. ही कॉलेजं सगळीच काही पेशव्यांच्या वारसांची नाहीत. आपल्या मराठी मुलखात तरी बरीचशी बहुजन पुढाऱ्यांची आहेत, काही आपल्या समाजातल्या लोकांचीही आहेत. माझ्या कॉलेजच्या कार्यालयात फुले, शाहू, आंबेडकर तिघांच्याही तसबिरी होत्या, हार रोज ताजा असायचा. त्याच तसबिरींखाली मी पावती न मिळणारे पैसे भरले. शिष्यवृत्तीचा हप्ता उशिरा आला म्हणून त्याच टेबलावर माझा दाखला आणि पदवीच्या मूळ गुणपत्रिका अडवून ठेवल्या होत्या. १९२७ साली मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या खर्चावर बोलताना बाबासाहेबांनी शिक्षणाच्या धंदेवाईकपणाला विरोध केला होता. शिक्षण सगळ्यांच्या आवाक्यात आलं पाहिजे, दलितांसाठी तर ते शक्य तितकं स्वस्त असलं पाहिजे, अशी त्यांची मांडणी होती. त्यांचा फोटो लावून दुकान चालवणाऱ्याला 'आपला माणूस' म्हणून सूट देणं आपण थांबवलं पाहिजे.

मग ही कॉलेजं बंद करायची का?

इथे सुधारकांची आणि माझी वाट वेगळी होते. शहरातल्या विद्यापीठात बसून 'ही सगळी दुकानं बंद करा' म्हणणं सोपं आहे. पण माझ्यासारखीला बी.एड. मिळालं ते त्या दुकानामुळेच. ते घरापासून एसटीने चाळीस मिनिटांवर होतं. औरंगाबादला किंवा पुण्याला राहायला पाठवण्याची वडिलांची ऐपत नव्हती, आणि ऐपत असती तरी भावकीने पाठवू दिलं असतं असं नाही. दुकान वाईट होतं, पण गावाजवळ दुसरं काही नव्हतं. सरकारने तिथे काही उभंच केलं नव्हतं.

उभं करण्याची योजना नव्हती असंही नाही. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था निघाल्या, ज्यांना आपण डाएट म्हणतो. प्रत्येक जिल्ह्यात शिक्षकांना घडवणारी एक सरकारी संस्था, ही कल्पना उत्तम होती. आज तुमच्या जिल्ह्याच्या डाएटमध्ये जाऊन बघा. किती पदं भरलेली आहेत, किती प्रभारी आहेत, आणि असलेले अधिकारी शिक्षक घडवण्यात किती वेळ घालवतात आणि वरून आलेल्या लिंका भरून घेण्यात किती. सरकारी संस्था वाळू द्यायच्या, तिच्या भोवती खासगी तण माजू द्यायचं, आणि मग तण माजलं म्हणून शेतच पडीक टाकायचं, असा हा कारभार आहे.

चार वर्षांचं एकात्मिक बी.एड. २०२३-२४ मध्ये देशभरातल्या ५७ संस्थांत सुरू झालं. त्यात आयआयटी आहेत, एनआयटी आहेत, केंद्रीय विद्यापीठं आहेत. पाच वर्षांऐवजी चार वर्षांत काम होतं, एक वर्ष वाचतं, हे खरं आहे आणि गरिबाला एक वर्ष म्हणजे थोडी गोष्ट नाही. पण संस्था मोठ्या शहरांत आणि प्रवेश अखिल भारतीय परीक्षेतून. बारावीतल्या मुलीने तालुका सोडायचा, चार वर्षांचं वसतिगृह परवडवायचं, आणि शिक्षकच व्हायचं हे सतराव्या वर्षी ठरवायचं. आपल्याकडे ते तसं ठरत नाही. आपल्याकडे आधी बी.ए. होतं, मग धाकट्याची फी, मग बहिणीचं लग्न, मग जरा हात मोकळा झाला की बी.एड. त्या मुलीसाठी २०३० नंतर नेमकी कोणती वाट आहे, हे धोरणाने तिच्या तालुक्याच्या पातळीवर सांगितलेलं नाही.

आणि चार वर्षांची कल्पना नवी आहे असा आव तर आणूच नका. दिल्ली विद्यापीठात बी.एल.एड. हा प्राथमिक शिक्षकांसाठीचा चार वर्षांचा अभ्यासक्रम १९९४ पासून चालू होता. शाळेत जाऊन शिकणं, मुलांचं निरीक्षण, स्वतःच्या घडणीकडे चिकित्सेने पाहणं, सगळं त्यात होतं. त्याची वाखाणणी झाली. पण तो मोजक्या कॉलेजांपलीकडे गेला नाही. चांगला नमुना हाताशी होता. तो गरिबांच्या जिल्ह्यांपर्यंत न्यायचा खर्च कोणाला करायचा नव्हता.

आत काय शिकवतात?

बी.एड. झालेल्यांना 'सूक्ष्म अध्यापन' आठवत असेल. सहा मिनिटांचा पाठ. समोर मुलं नसतात, आपल्याच वर्गमैत्रिणी सातवीची मुलं बनून बसतात. सज्जता प्रवर्तन, स्पष्टीकरण, चेतक बदल, प्रबलन, फलकलेखन, एकेका कौशल्याचा वेगळा पाठ, मग सेतूपाठ, मग सरावपाठ. पाठ टाचणाच्या वहीला समास आखलेला हवा, उद्दिष्टं लाल शाईने हवीत. माझा यावर आक्षेप नाही. फळ्यावर नीट लिहिता आलं पाहिजे, प्रश्न नीट विचारता आला पाहिजे.

आक्षेप इतकाच की या सहा मिनिटांत जे मूल समोर कल्पिलेलं असतं त्याला जात नसते. ते पोटभर जेवून आलेलं असतं, त्याची भाषा पुस्तकातली असते, त्याचे आईबाप ऊसतोडीला गेलेले नसतात. त्याने चुकीचं उत्तर दिलं तर त्याला प्रबलन कसं द्यायचं ते शिकवतात. पण ते मूल उत्तरच देत नाही, वर्षभर मागच्या कोपऱ्यात बसून राहतं, तेव्हा काय करायचं, हे शिकवत नाहीत.

एनसीटीईच्या २०१४ च्या आराखड्यातले पेपर बघा. लिंगभाव, शाळा आणि समाज यावर अर्धा पेपर आहे. समावेशक शाळेवर अर्धा पेपर आहे, तो प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी अपंगत्वाच्या प्रकारांवर संपतो. समकालीन भारत आणि शिक्षण हा पेपर आहे, त्यात विषमतेचा परिच्छेद येतो आणि पाठ करून सुटतो. हे सगळे विषय हवेतच. पण ज्या देशातल्या वर्गात कोण कुठे बसतं, कोण झाडतं, पाहुण्यांना पाणी कोण देतं, हे अजून जातीवरून ठरतं, त्या देशातल्या शिक्षकाच्या प्रशिक्षणात जातीच्या नावाचा एक स्वतंत्र पेपर नाही. मागच्या पंधरा-वीस वर्षांत राजस्थानातल्या दलित मुलांच्या शाळेतल्या अनुभवांवर गीता नांबिसन यांच्यासारख्या अभ्यासकांनी लिहिलंय की सफाईची कामं कोणाच्या वाट्याला येतात आणि मानाची कामं कोणाच्या. २०२२ मध्ये त्याच राज्यातल्या जालोर जिल्ह्यात नऊ वर्षांचा दलित मुलगा शिक्षकाच्या मारहाणीनंतर दगावला. माठातलं पाणी प्यायलं म्हणून मारलं, असा त्याच्या घरच्यांचा आरोप होता. बाबासाहेबांनी शाळेत वेगळ्या गोणपाटावर बसल्याचं आणि शिपाई नसला की तहानलेलं राहावं लागल्याचं लिहून ठेवलंय. शंभर वर्षांहून जास्त अंतर असलेल्या या दोन्ही घटनांत पाणी आहे आणि शाळा आहे. त्यातलं एकही अक्षर माझ्या दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये आलं नाही.

आलं ते वेगळंच. माझ्या पहिल्या सरावपाठाच्या निरीक्षण वहीत शेरा होता, 'उच्चार सुधारा'. मी 'पाणी'ला 'पानी' म्हटलं होतं. ण आणि न यातला फरक महाराष्ट्रात नुसता व्याकरणाचा नाही, हे मराठी बोलणाऱ्या कोणालाही सांगायला नको. तोंड उघडलं की वस्ती कळते. प्रमाण मराठी आली पाहिजे, याबद्दल दुमत नाही. मी ती शिकले आणि मुलांनाही शिकवते. पण त्या वहीत माझ्या बोलीला चूक म्हटलं होतं, वेगळी भाषा म्हटलं नव्हतं. तोच शेरा मी पुढे माझ्या विद्यार्थ्यांच्या वहीत मारावा, अशी ती तयारी होती. शिक्षक-प्रशिक्षण आपल्याला जात शिकवत नाही असं म्हणतो खरं, पण ती अशी शिकवली जातच असते. फक्त वरच्या बाजूने.

एक साधं उदाहरण घ्या. दरवर्षी शिष्यवृत्तीचे अर्ज भरायचे असतात. वर्गात शिक्षक येतात आणि म्हणतात, 'एससीची मुलं उभी राहा.' पाच-सहा मुलं उभी राहतात, वर्ग वळून बघतो. हक्काचे पैसे त्या मुलांना भिकेसारखे वाटायला लागतात आणि बाकीच्यांना 'यांना फुकट मिळतं' हे कायमचं कळतं. हे करणारे शिक्षक दरवेळी जातीयवादीच असतात असं नाही. त्यांना कोणी सांगितलेलं नसतं की ही माहिती दाखल-खारीज रजिस्टरवरून काढता येते, पालकांना वेगळं बोलावून अर्ज भरता येतो. पाच मिनिटांचं शिकवणं आहे. चेतक बदलाच्या पाठाइतकंच तंत्र आहे. ते कौशल्य सूक्ष्म अध्यापनाच्या यादीत का नाही? कारण यादी करणाऱ्याला कधी उभं राहावं लागलं नाही.

किंमत कोण मोजतं?

२०१५ नंतरच्या बी.एड.मध्ये वीस आठवडे शाळेत काढायचे असतात. आंतरवासिता. चांगली गोष्ट आहे, पाण्यात उतरल्याशिवाय पोहता येत नाही. पण डॉक्टरांना इंटर्नशिपचे विद्यावेतन मिळतं, सी.ए. करणाऱ्याला आर्टिकलशिपचे पैसे मिळतात, आयटीआयच्या मुलाला अ‍ॅप्रेंटिस म्हणून मिळतात. बी.एड.च्या मुलीला एसटीचं भाडंसुद्धा मिळत नाही. ती शाळेत जाते तेव्हा तिथल्या रिकाम्या जागेवर तिला उभं करतात, दोन-दोन वर्ग एकत्र देतात. शाळेला फुकटात शिक्षक मिळतो आणि कॉलेजला मनुष्यबळ पुरवल्याचं पुण्य. त्या वीस आठवड्यांत तिचा शिकवणीचा किंवा रोजंतरीचा जो पैसा बुडतो, तो तिच्या घरच्या चुलीतून जातो.

मग परीक्षा. राज्याच्या टीईटीचा निकाल अनेकदा एक आकडी टक्क्यांत लागतो आणि वर्तमानपत्रं शिक्षकांच्या अडाणीपणावर अग्रलेख लिहितात. मी उलटा प्रश्न विचारते. विद्यापीठाने ज्यांना प्रथम श्रेणीत उत्तीर्ण केलं, त्यातले नव्वदहून जास्त टक्के एका पात्रता परीक्षेत नापास होत असतील, तर नापास कोण झालं? त्या कॉलेजची फी कोणी परत केली? आणि त्या परीक्षेचीच अवस्था काय होती, ते २०२१ च्या डिसेंबरात पुणे पोलिसांनी उघड केलं. परीक्षा परिषदेच्या आयुक्तांनाच अटक झाली, पुढे ७,८०० हून अधिक उमेदवारांवर पैसे देऊन पात्र झाल्याबद्दल कारवाई झाली. ज्याने पदवी विकत घेतली तो पात्रताही विकत घेऊ शकतो. ज्याने दोन्ही मेहनतीने मिळवल्या, त्याच्याकडेही लोक संशयाने बघतात.

नियम कसे बदलतात तेही पाहा. २०१८ मध्ये एनसीटीईने सांगितलं, बी.एड. झालेलेही पहिली ते पाचवीला चालतील. लाखोंनी त्यावर भरवसा ठेवून पैसे घातले. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं. प्राथमिकच्या मुलांना प्राथमिकसाठी शिकलेला शिक्षक हवा, हे न्यायालयाचं म्हणणं मला पटतं. पण चूक नियम करणाऱ्याची आणि दंड नियम पाळणाऱ्याला. सप्टेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने सेवेतल्या शिक्षकांनाही टीईटी सक्तीची केली. निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ असलेल्यांनी दोन वर्षांत उत्तीर्ण व्हायचं. वीस-वीस वर्षं शिकवलेली माणसं आता रात्री गाईड घेऊन बसली आहेत. त्यांना या वीस वर्षांत धड एक चांगलं सेवांतर्गत प्रशिक्षण मिळालं का, हे विचारणारं कोणी नाही.

आणि एवढं सगळं पार केल्यावर नोकरी? महाराष्ट्रात २०१२ मध्ये भरती थांबवली. शिक्षण सेवक योजना २००० सालापासून आहे. तीन वर्षं ६,००० रुपयांवर प्राथमिक शिक्षक राबत होते, २०२३ मध्ये ते १६,००० झाले. खासगी अनुदानित शाळेत पगार सरकार देतं, माणूस संस्था निवडते. मी अशा एका मुलाखतीत बसले होते. पहिला प्रश्न आडनावाचा होता, दुसरा गावाचा. तिसरा प्रश्न प्रश्न नव्हताच, 'आपल्या संस्थेला इमारत बांधायचीय' अशी माहिती होती. उत्तर प्रदेशात ६९,००० शिक्षकांच्या भरतीत आरक्षणाचे नियम पाळले गेले नाहीत म्हणून मागास उमेदवार वर्षानुवर्षं रस्त्यावर बसले. ऑगस्ट २०२४ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने यादी नव्याने करायला सांगितलं, पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. बंगालमध्ये एप्रिल २०२५ मध्ये २५,७५३ नेमणुका रद्द झाल्या, त्यात पैसे न देता लागलेलेही गेले. राज्य कोणतंही असो, घोटाळा वर होतो आणि सुक्याबरोबर ओलंही जळतं.

आपली मागणी जुनीच आहे

१८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं. लोक त्यातली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी लक्षात ठेवतात. त्यात शिक्षकांबद्दलही बोललेलं आहे. शिक्षक प्रशिक्षित असावेत, ते शेतकरी-कष्टकरी जातींतून यावेत, मुलांच्यात मिसळणारे असावेत, वेळ पडली तर नांगराचं रुमणं किंवा सुताराची वाकस हातात धरायला लाजणारे नसावेत, आणि त्यांचा पगार वाढवावा, असा तो विचार आहे. त्यांच्या घरातच प्रशिक्षित शिक्षिका होती. सावित्रीबाईंनी नगर आणि पुण्यात अध्यापनाचे धडे घेतले होते. म्हणजे शिक्षक कोणत्या समाजातून येतो, त्याला काय शिकवलं जातं आणि त्याला किती पैसे मिळतात, हे तीन प्रश्न एकत्र आहेत, हे त्या घराला एकशे चाळीस वर्षांपूर्वी कळलं होतं. आजच्या धोरणात हे तिन्ही सुटे-सुटे झालेत, आणि सुटे झाले की कोणाचंच उत्तर द्यावं लागत नाही.

म्हणून मागण्या स्पष्ट मांडू. प्रत्येक जिल्ह्यात सरकारी फीमध्ये शिक्षक-प्रशिक्षणाच्या जागा हव्यात, त्यासाठी डाएटची पदं आरक्षणासह कायमस्वरूपी भरा. खासगी कॉलेज आधी बंद करून मग बघू, असं नको. आधी पर्याय उभा करा, मग बंद करा. आंतरवासितेला विद्यावेतन द्या. जात आणि वर्ग हा सक्तीचा विषय करा, आणि तो पाठ करून लिहायचा पेपर नको, सरावपाठात तपासायचं काम हवं. बसण्याची व्यवस्था, कामांची वाटणी, बोलीशी वागणूक, शिष्यवृत्तीची गोपनीयता, हे निरीक्षण वहीत गुणांसह यावं. प्रत्येक कॉलेजच्या विद्यार्थ्यांचा टीईटीचा निकाल त्या कॉलेजच्या नावाने जाहीर करा, म्हणजे नापास कोण ते दिसेल. आणि शिक्षण सेवक नावाचं स्वस्त मजुरीचं कलम काढून टाका. शिक्षक म्हणून नेमलंय तर शिक्षकाचा पगार द्या.

कोणी म्हणेल, यात जात कशाला आणता, शिक्षक हा शिक्षक असतो. त्यांना माझं सांगणं असं की मी जात आणलेली नाही. मी शाळेत गेले तेव्हा ती आधीच तिथे बसलेली होती, पहिल्या बाकावर. ती तिथून उठवायची असेल तर उठवणाऱ्याला ती ओळखता आली पाहिजे, आणि ओळखायला शिकवणं हे प्रशिक्षणाचं काम आहे.

शेवटी वाचकांना. तुम्ही घरातले पहिले पदवीधर आहात. तुमच्यातले बरेच जण बी.एड. झालेले आहेत, काही जण करताहेत, काहींच्या बहिणी पुढच्या जूनला प्रवेश घेतील. आपण आजवर या कॉलेजांकडे 'कसंतरी निघालो एकदाचं' म्हणून पाठ फिरवली. ती फिरवू नका. माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो. सरकारी, अनुदानित संस्थेत थेट टाका. विनाअनुदानित असेल तर विद्यापीठात, समाजकल्याण कार्यालयात आणि एनसीटीईकडे टाका. आपण शिकलो त्या कॉलेजात मागच्या तीन वर्षांत शिष्यवृत्तीपोटी किती रक्कम जमा झाली, मान्यताप्राप्त पूर्णवेळ प्राध्यापक कोण, तपासणीचे अहवाल काय म्हणतात, एवढं विचारा. उत्तर आलं तर ते गावातल्या पोरांना वाचून दाखवा. नाही आलं तर अपील करा. एका तालुक्यातून दहा अर्ज गेले तरी कार्यालयातल्या खुर्च्या सरकतात, हे मी पाहिलंय. पुढची समिती दिल्लीत बसेल तेव्हा तिच्यापुढे आपली ही कागदपत्रं असली पाहिजेत. नाहीतर ती पुन्हा एकदा वर्षं मोजेल आणि उठेल.